ज्याची त्याने सांगायची

शनिवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, मिल्टन कीन्सच्या कधीच न संपणाऱ्या राउंडअबाउटांपैकी एकाला हरीशची गाडी वळसा घालत असताना, डॅशबोर्डच्या पडद्यावर एक पट्टी वरून खाली घसरली. नवा मेसेज, फियोना एचआर. बस, एवढंच. गाडी मजकूर दाखवत नाही, फक्त नाव दाखवते. हरीशने एका बोटाने ती पट्टी बाजूला सारली, गिअर बदलला आणि म्हणाला, "सारा पोचली असेल बघ." अवधूतच्या मांडीवर बायकोने, ईशानीने, दिलेला मेथीच्या पराठ्यांचा डबा होता, अजून कोमट. त्याने डब्याची कड घट्ट धरली. मनात पाल चुकचुकली म्हणतात ना, तशी ती चुकचुकली, आणि मग काही केल्या गप्प बसेना. शनिवारी सकाळी एचआरची बाई हरीशला का मेसेज करते? बरं, केला तर केला, हा तो लपवतो का? की लपवला नाही, नुसता बाजूला केला? माणूस गाडी चालवताना मेसेज बाजूला करतोच. पण इतक्या चटकन?

"कोणाचा होता रे?" त्याने शक्य तितक्या सहज विचारलं. "काही नाही बे, ऑफिसचं," हरीश म्हणाला. "शनिवारी?" "त्यांना काय शनिवार अन् काय रविवार." हरीश मूळचा नागपूरचा, बारा वर्षं इंग्लंडात राहूनही त्याचं बे सुटलं नव्हतं. त्याच्या तोंडचं 'काही नाही' अवधूतने आजवर शेकडो वेळा ऐकलं होतं आणि शेकडो वेळा त्याचा अर्थ खरोखर काही नाही एवढाच होता. आज मात्र त्या दोन शब्दांना त्याने उलटून पालटून पाहिलं, बाजारात आंबा दाबून पाहावा तसं. कुठेतरी मऊ लागतंय असं त्याला वाटलं. मग वाटलं, आपलंच बोट जोरात दाबतंय.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं, कारण अवधूत ते स्वतःशीसुद्धा सरळ सांगत नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी कंपनीने त्या दोघांना एकाच मजकुराची पत्रं दिली होती. दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसून पेन्शनच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळत. आता दोन जागांची एक होणार, एक राहणार आणि एक जाणार, निकाल सोमवारी. हरीशला गेल्या वर्षी ब्रिटिश पासपोर्ट मिळाला होता. नोकरी गेली तर तो शिव्या घालील, चार इंटरव्ह्यू देईल आणि दुसरी धरील. अवधूतचा व्हिसाच नोकरीला बांधलेला. ती गेली की साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर बॅगा भरा. आणि आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, फक्त चार महिन्यांवर आली होती. ईशानीने त्या हिशेबावर नर्सरीतलं ट्रेनिंग धरलं होतं. पाच वर्षांपैकी चार वर्षं आठ महिने झाले होते, आणि चार महिन्यांसाठी सगळं वाहून जाणार की काय ह्या विचाराने तो रोज पहाटेच जागा व्हायचा.

तर मग गुरुवारी तो फॉर्म आला. गेल्या वर्षातलं तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम तुमच्या शब्दांत लिहा. टीमच्या आड लपू नका, स्वतःचं योगदान ठामपणे मांडा, असं फियोनाने मीटिंगमध्ये दोनदा बजावलं होतं. अवधूतने लिहिलं ते एकोणतीस फेब्रुवारीचं. जानेवारीत एका कौन्सिलच्या पेन्शनरांच्या नोंदी जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये नेताना त्रेचाळीस माणसं मध्येच गायब झाली होती. का, ते कोणालाच कळेना. ती सगळी माणसं एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेली होती आणि नवा प्रोग्रॅम तसली जन्मतारीख चुकीची समजून फेकून देत होता, हे हरीशने शनिवार-रविवार बसून शोधून काढलं. हरीशने. त्यावेळी अवधूत तिथेच, हरीशच्या घरी, सोफ्यावर झोपलेला होता. तोंड उघडं टाकून. पण फॉर्ममध्ये त्याने लिहिलं, 'हा दोष मी शोधला', आणि बटण दाबून ग्लासभर पाणी प्यायला. खोटं, सरळ खोटं. ते हरीशला कळलंय का, एवढाच आता प्रश्न होता, आणि गाडीच्या पडद्यावरच्या त्या पट्टीत त्याचं उत्तर असणार असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

मोठा रस्ता सोडून गाडी शेतांच्या मधून निघाली. कापलेल्या शेतात गवताचे गोल भारे पडले होते, आणि पुढे टेकाडावर ते रान. साराने शोधलेली नवी साइट. सारा त्यांच्याच ऑफिसात टेस्टिंगला, जन्म इथलाच, आई ठाण्याची. तिला ह्या खोट्या बंदुकांच्या खेळाचं वेड, आणि ह्या दोघांना बिचारी तीन महिने मागे लागली होती. एअरसॉफ्ट. अवधूत नाही म्हणणार होता, पण हरीशने परस्पर तिघांची तिकिटं काढली. कधी काढली? बुधवारी की गुरुवारनंतर? हे आठवायचा तो प्रयत्न करू लागला. बुधवारी काढली असतील तर नुसती मजा. गुरुवारनंतर काढली असतील तर माणसाला रानात नेऊन विचारायचं ठरवलेलं असू शकतं. काय हा मूर्खपणा, असं वाटून तो मनातल्या मनात हसला, आणि तरीही वार आठवत राहिला.

फाटकाशी चिखल, लाकडी फळ्यांची बाकं, ताडपत्रीखाली चहाची टाकी, चाळीसएक माणसं लष्करी रंगाचे कपडे घालून बेकन रोल खात उभी. सारा धावत आली. "लेट झालात! अवधूत, हे तुझं मास्क, आणि ही गन भाड्याचा आहे, जपून." तिचं लिंग-वचन नेहमीच असं वाऱ्यावर असायचं आणि कुणी सुधारायला गेलं की ती जास्तच चुकायची. मग पिवळ्या जाकिटातला एक दाढीवाला मार्शल, म्हणजे इथला पंच, पेटीवर उभा राहिला आणि नियम सांगू लागला. डोळ्यांवरचा चष्मा रानात काही झालं तरी काढायचा नाही. बंदुकीतून गोळी म्हणून वाटाण्याएवढा प्लास्टिकचा दाणा सुटतो. तो लागतो आणि खाली पडतो, कपड्यावर ना रंग ना डाग. तेव्हा ज्याला लागला त्याने स्वतःच 'हिट' म्हणून ओरडायचं, हात वर करायचा आणि मागच्या झेंड्यापाशी जाऊन पुन्हा सुरू करायचं. ज्याची त्याने सांगायची. दुसऱ्याने 'तुला लागली' असं कधीही म्हणायचं नाही. संशय आला तर मला येऊन सांगा, आपसात भांडू नका, असं म्हणून तो सगळ्यांवरून नजर फिरवत अवधूतपाशी जरासा थांबला. निदान अवधूतला तसं वाटलं. त्याने हरीशकडे पाहिलं, तर हरीश त्याच्याकडेच पाहत होता. हरीशने भुवया उडवल्या. आता भुवया उडवण्याचे किती अर्थ होतात!

अवधूतचे वडील पुण्यात शाळामास्तर होते. परीक्षेच्या वेळी ते कधी फळ्यापुढे उभे राहत नसत. मागच्या भिंतीला टेकून उभे राहत. वर्ग मागूनच खरा दिसतो, असं ते म्हणायचे. समोरून सगळीच पोरं शहाणी असतात, पण कॉपी करणाऱ्याची मान मागून ओळखू येते. घरीसुद्धा त्यांची हीच तऱ्हा. अवधूत अभ्यास करत असला की मागे येऊन न बोलता उभे राहायचे, आणि त्याला मानेवर काहीतरी चालल्यासारखं वाटायचं. काही केलेलं नसतानाही पुस्तकाखाली काहीतरी लपवलंय असं वाटायचं. चाळिशीला आला तरी ते जात नव्हतं. आणि आता मजा बघा, तोच माणूस फाटकाशी उभ्या हरीशची मान मागून न्याहाळत होता.

कारण खेळ सुरू व्हायच्या आधी हरीश एकटाच फाटकाकडे गेला होता. तिथे रेंज येते म्हणे. फोन काढून तो टाइप करत उभा राहिला. मध्येच थांबला, आकाशाकडे बघितलं, पुन्हा टाइप केलं. पाच मिनिटं. एवढं लांब उत्तर कशाचं? साराचा पट्टा बांधायचं निमित्त करून अवधूत सगळं बघत होता. परत आला तेव्हा हरीश चक्क हसत होता. "चला, मोकळा झालो एकदाचा," तो म्हणाला आणि बाह्या सरसावल्या. कशातून मोकळा? जबाब देऊन माणूस मोकळा होतो. आणि मग ह्याने काय करावं? हाताला टीमची लाल पट्टी मिळाली होती ती काढून एका अनोळखी माणसाशी बदलली आणि निळी घेतली. "मला ह्याच्या विरुद्ध पाहिजे," अवधूतच्या खांद्यावर थाप मारून तो साराला म्हणाला. "आज तुला सोडत नाही बघ." सारा खदाखदा हसली. वरून अवधूतही हसला.

रानात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास, कुजक्या पानांचा, ओल्या सालीचा. कमरेएवढी नेची, काही अजून हिरवी, काही तांबूस पडलेली. मास्कच्या जाळीतून स्वतःचाच श्वास परत तोंडावर येत होता, मेथीचा. भोंगा वाजला आणि चहूकडून ती बॅटरीच्या बंदुकांची टर्रर्र सुरू झाली, शिवणाचं मशीन दूर कुठेतरी चालल्यासारखी. सारा पुढे पळत गेली, तिला पकडायचा होता मधला झेंडा. अवधूत एका पडलेल्या ओकच्या मागे पोटावर आडवा झाला आणि तिथेच राहिला. झेंडा गेला खड्ड्यात. फियोनाने नक्की काय लिहिलं असेल? तुमच्या सहकाऱ्याने असं असं लिहिलंय, हे खरं आहे का? तशी ती लिहील का? ह्या लोकांच्या सगळ्या गोष्टी कॉन्फिडेन्शिअल. पण हरीशनेही फॉर्ममध्ये तेच काम लिहिलं असणार, दुसरं लिहिण्यासारखं त्याच्याकडे होतंच काय? म्हणजे दोन फॉर्म, एक काम, दोन बाप. हे गुरुवारी का सुचलं नाही आपल्याला? हरीश इतका आळशी, फॉर्ममध्ये दोन ओळी खरडून सोडून देईल, असं आपण धरून चाललो. माणूस चोरी करताना दुसऱ्याच्या आळसावर भरवसा ठेवतो, कमाल आहे. त्याला त्या जानेवारीच्या रविवारची दुपार आठवली. हरीशच्या मुलीने, स्वरालीने, तो झोपलेला असताना त्याच्या छातीवर प्लास्टिकचा ससा ठेवला होता. जागा झाला तो हरीशच्या ओरडण्याने. "सापडलं बे! उठ! सगळे एकोणतीसचे आहेत!" हरीशने त्याला हाताला धरून उठवलं आणि स्क्रीनपुढे नेलं होतं. आनंदाने ह्याच्या डोळ्यांत पाणी. आणि आपण काय म्हणालो? 'अरे हो की.' एवढंच आपलं योगदान, ठामपणे मांडायचं तर.

नेच्यांत सळसळ झाली. वीस पावलांवर, पाठमोरा, हरीश. ते बुटकं, आडवं शरीर, वाकलेलं, हळूहळू पुढे सरकणारं. अवधूतने नेम धरला आणि दाबलं. टर्रर्र. पांढरे दाणे त्याने डोळ्यांनी पाहिले, एक, दोन, तीन, सरळ जाऊन पाठीवर. हरीश थांबलासुद्धा नाही. हात वर नाही, आवाज नाही, काही नाही. तसाच वाकून पुढे गेला आणि झाडांत मिसळला. अवधूतला आधी आश्चर्य वाटलं, मग राग आला आणि मग, सांगायला लाज वाटावी असा, आनंद झाला. म्हणजे हाही! हाही लपवतो! लागलेली गिळून पुढे जातो! सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठल्यासारखं झालं. दोघं सारखेच की मग. फॉर्म काय अन् दाणा काय, संधी मिळाली की प्रत्येक जण तेच करतो, फक्त कुणी पाहत नाही. हे त्याने मनाशी तीन-चार वेळा म्हटलं, आणि चौथ्या वेळी त्यातली हवा निघून गेली.

दुपारच्या सुट्टीत पराठे निघाले. हरीशने चार खाल्ले, ईशानीचं कौतुक केलं. मिश्या चहात बुडाल्या होत्या. "तुला मारलं मी सकाळी," अवधूत अचानक म्हणाला. "पाठीवर. तीन." "कधी?" हरीश घास तोंडात धरून म्हणाला. "ना बे, मला तर काहीच लागलं नाही." "लागलं. मी पाहिलं." आवाज जरा चढला होता, शेजारच्या बाकावरचे दोघे वळून बघायला लागले. साराने मध्येच हात घातला, "अरे त्याचं जॅकेट बघ ना, किती थिक आहे! डुवे, काय म्हणता तुम्ही, रजई घालून आलाय हा. ह्याच्यातून नाही कळत. माझा पहिला दिवस पण असंच झाली होती." हरीशने वळून पाठ दाखवली, खरोखरच गादीसारखं जाड जाकीट. "लागलं असेल मग," तो म्हणाला, "सॉरी यार. दुपारी काढून ठेवतो." आणि खरंच काढून गाडीत टाकून आला, नुसत्या टी-शर्टवर, म्हणजे आता लागलं तर चांगलंच लागेल. हे असं सरळ वागणंच अवधूतला झेपेना. एवढा साधेपणा खरा असतो का? की हे सगळं दाखवायला चाललंय, मी बघ कसा, आणि तू बघ कसा?

दुपारच्या खेळात त्याने निळ्या-लालचा नाद सोडला आणि फक्त हरीशचा माग काढला. हे कोणाला सांगितलं तर हसतील, पण तो खरोखर झाडामागून झाडामागे, श्वास धरून त्याच्या पांढऱ्या टी-शर्टमागे चालत होता. ओढ्यापाशी कुठूनतरी एक दाणा सणसणत आला आणि कॉलरच्या वर, उघड्या मानेवर बसला. सुईसारखा. कोण होतं दिसलं नाही, त्यालाही दिसलं नसावं. अवधूतने जागच्या जागी मान चोळली, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे चालू लागला. आत्ता परत झेंड्यापर्यंत गेलो तर हा हातचा जाईल, असं कारण त्याने स्वतःला दिलं. कारणं त्याच्याकडे नेहमी तयार असत, अगदी इस्त्री करून ठेवल्यासारखी.

रानाच्या टोकाला फळ्या ठोकून केलेली एक झोपडी होती, छप्पर नसलेली. हरीश तिच्यात भिंतीला टेकून बसला होता, बंदूक मांडीवर. अवधूत दारात उभा राहिला तेव्हा त्याने हात वर केले. "बॅटरी गेली. मार नाहीतर बस. बस ना." अवधूत बसला. दोघांच्या तोंडावर जाळीचे मास्क, डोळ्यांवर चष्मे. समोर हरीश आहे हे फक्त आवाजावरून. मग हरीश म्हणाला, "सोमवारनंतर तुला एक गोष्ट सांगायचीय."

"आत्ता सांग."

"ना बे. आत्ता नको. बोलायचं नाही असं सांगितलंय मला."

"कोणी? फियोनाने?" अवधूत इतक्या जोरात म्हणाला की वरच्या फांदीवरून एक कबुतर फडफडत उडालं. "नाटक बंद कर, हरीश! सकाळपासून बघतोय मी. तिचा मेसेज आला, तू लपवलास, फाटकापाशी जाऊन पानभर उत्तर लिहिलंस, मोकळा झालो म्हणालास. मला मुद्दाम विरुद्ध घेतलंस. एकदाचं बोलून टाक ना काय ते. हो, लिहिलं मी. एकोणतीस फेब्रुवारीचं मी माझ्या नावावर लिहिलं. मला घरी जायचं नाहीये रे, चार महिन्यांसाठी. तुझ्याकडे पासपोर्ट आहे, तुझं काय जाणार होतं? पण ते खोटं आहे, मला माहितीये ते खोटं आहे, तुला माहितीये, तिलाही तू सांगितलंस. मग हा असा हसत खेळत छळ कशाला मांडलायस?"

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. खरंच वाटलं, क्षणभर. शर्यत संपल्यावर वाटतं तसं. हरीश हलला नव्हता. जाळीमागे त्याचा चेहरा काय करतोय ते कळायला मार्ग नव्हता.

"तू झोपला होतास?" हरीशने विचारलं.

"म्हणजे?"

"त्या रविवारी. सोफ्यावर. तू काही बोलला नव्हतास? लीप इयर बघितलंस का, असं?"

"मी झोपलो होतो, हरीश. तूच मला उठवून सांगितलंस."

"हां," हरीश म्हणाला. मग बराच वेळ बंदुकीच्या पट्ट्याशी खेळत राहिला, आणि बोलला तेव्हा हळू बोलला, स्वतःलाच समजावल्यासारखं. "मी फॉर्ममध्ये दोघांचं लिहिलं होतं. मी आणि अवधूतने शोधलं, असं. म्हटलं, तुझे चार महिने राहिलेत, होऊ दे. तर सकाळी तिने विचारलं, दोन फॉर्म जुळत नाहीत, दुसऱ्या फॉर्ममध्ये एकट्याचं आहे, नीट आठवून सांगा. मी आठवून बघितलं. तुला हसू येईल, मला खरंच आठवलं बे. तू डोळे मिटून पडलाय अन् म्हणतोय, लीप इयर बघितलंस का. तुझा आवाज ऐकू आला मला. मी म्हटलं, अवधूत कशाला खोटं लिहील? दोन दिवस झोप नव्हती आपल्याला, आपलंच डोकं फिरलं असेल, अन् आपण वर उपकार केल्यासारखं दोघांचं लिहिलं. लाज वाटली मला. तिला लिहिलं, त्याचंच आहे ते, माझा गैरसमज झाला. सॉरी पण म्हणालो. तुलाही म्हणणार होतो, सोमवारनंतर."

ह्या माणसाने स्वतःच्या आठवणीवर शंका घेतली होती, पण त्याच्यावर घेतली नव्हती. आणि आपण दिवसभर काय केलं? त्याच्या भुवयांचे अर्थ लावले, त्याच्या तिकिटांचे वार मोजले. नोकरी सकाळी साडेनऊलाच वाचली होती, फाटकापाशी, त्या पाच मिनिटांत. मैत्रीसुद्धा शाबूत होती. आपण नुसतं मूग गिळून बसलो असतो तर सगळं होतं तिथे राहिलं असतं. हे आधी मनात आलं आणि मग शरम, ह्या क्रमाने, आणि तो क्रम त्याला स्वतःला दिसला. "हरीश, मी..." तो म्हणाला. "हे मला सांगायलाच पाहिजे होतं का?" हरीश म्हणाला. रागाने नाही. दुखऱ्या दातावर जीभ लागल्यावर माणूस बोलतो तसं. दूर भोंगा वाजला, खेळ संपला. हरीश गुडघ्यावर हात टेकून उठला आणि अवधूतची वाट न बघता बाहेर पडला.

सारा फाटकापाशी झेंडा मिरवत होती. "आपण जिंकला! तुम्ही दोघं कुठे होतात?" दोघांची तोंडं पाहून तिने झेंडा खाली घेतला आणि ती बंदुका परत करण्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. हरीशने तिला नीट बाय केलं, पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. जाताना अवधूतने गाडीत बसायचं की साराबरोबर जायचं हे ठरवायला वेळ घेतला, तर हरीशने आतून दार ढकलून उघडलं. "बस. घरी सोडतो."

अर्ध्या रस्त्यात अवधूतने फोन काढला आणि फियोनाला मेल लिहायला घेतली. चार वेळा खोडली. आयएलआर, ईशानीचं ट्रेनिंग, पुण्यात विमानतळावर घ्यायला आलेले आईवडील, मागे उभे राहून काही न बोलणारे वडील, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि एका जागी त्याने ठरवलंही, की सोमवारी सकाळी पाठवू, रात्रभर विचार करून. मग त्याने शेजारी पाहिलं. हरीश दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून रस्त्याकडे बघत होता, आणि विचार करत होता. त्याच्या कपाळावरची ती उभी रेघ अवधूत ओळखत होता. एखादी नोंद जुळत नसली की ती उमटायची. अवधूतने लिहिलं, एकोणतीस फेब्रुवारीचा दोष हरीशने एकट्याने शोधला, मी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं, हरीशने सकाळी तुम्हाला जे कळवलं ते माझ्यावर विश्वास ठेवून कळवलं. वाचलं. पाठवून दिलं. मग सीटबेल्ट घट्ट धरला.

"पाठवलं तिला," तो म्हणाला. "खरं काय ते."

रस्त्याचं काम चाललं होतं, तात्पुरता लाल दिवा लागला. गाडी थांबली. "दाखव," हरीश म्हणाला.

अवधूतने फोन पुढे केला. हरीशने शेवटपर्यंत वाचलं, वर जाऊन पाठवल्याची वेळ पाहिली, आणि फोन परत दिला. दिवा हिरवा झाला. राउंडअबाउट सुरू झाले, एकामागून एक, आणि प्रत्येकाला वळसा घालताना अवधूत वाट पाहत होता की आता हा शिवी घालील. घातली असती तर किती बरं झालं असतं! घरापासून दोन वळणांवर हरीशने घसा खाकरला.

"एप्रिलमध्ये स्वरालीच्या वाढदिवसाला तू आला नव्हतास," तो म्हणाला. "ती दारात जाऊन जाऊन बघत होती. ताप आहे म्हणालास."

"हो."

"होता ना ताप?"

होता. एकशे दोन होता. ईशानी दिवसभर कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत होती आणि स्वरालीसाठी आणलेलं चित्रांचं पुस्तक उशाशी तसंच पडलं होतं. तेव्हा सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. "होता रे," अवधूत म्हणाला, आणि आपला आवाज त्यालाच खोटा वाटला. "खरंच होता. हवं तर ईशानीला विचार."

हरीशने इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि गाडी अवधूतच्या गल्लीत वळवली.

"विचारीन," तो म्हणाला.